सामायिक सर्व्हरवरून ऑफिस सॉफ्टवेअर बसवणे

कार्यालयातील किंवा प्रशिक्षण केंद्रातील अनेक संगणकांवर एकाच सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमधून सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत. वर्धा जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तिचे महत्त्व उघड आहे. तीच मोठी फाईल प्रत्येक संगणकासाठी इंटरनेटवरून पुन्हा उतरवावी लागत नाही. स्थानिक नेटवर्क पुरते. महाराष्ट्रात २००१ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे वर्ड आणि एक्सेल गावोगावच्या संगणक केंद्रांत पोहोचले. केंद्रातील सगळे संगणक सारखे ठेवायचे, तर ही पद्धत फार उपयोगी.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० ते २००३ या आवृत्त्यांत सेटअप '/ए' पर्यायासह चालवून सर्व्हरवर मूळ प्रत तयार केली जाई. परवाना क्रमांक तिथेच एकदा टाकला, की इतर संगणक तो विचारत नसत.

खरी कसोटी नंतर लागे. सर्व्हरवरच्या प्रतीला दुरुस्तीपॅच लावला, तरी आधी बसवलेले संगणक आपोआप सुधारत नसत. प्रत्येकावर सेटअप पुन्हा चालवावा लागे. फोल्डरचे नाव बदलले, तर एखादी राहिलेली सुविधा बसवताना संगणक जुनीच जागा शोधत राही. म्हणून फोल्डरचे नाव सुरुवातीलाच विचारपूर्वक ठरवावे आणि वापरकर्त्यांना फक्त वाचण्याची परवानगी द्यावी.

ऑफिस २००७ पासून '/ए' बंद झाले. सीडीतील फायली फोल्डरमध्ये नुसत्या उतरवल्या तरी चालू लागले. विंडोजसाठीचे मोफत लिब्रेऑफिस एमएसआय स्वरूपात मिळते, त्यामुळे तेही सर्व्हरवरून बसवता येते.