करमणुकीसाठी वाचणे : एका संकोचाचा इतिहास

'मी केवळ आनंदासाठी वाचतो' असे मराठी माणूस सहसा उघडपणे म्हणत नाही. वाचनाने ज्ञान वाढते, भाषा सुधारते, व्यक्तिमत्त्व घडते, असे काहीतरी जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची अवस्थाही याहून फार वेगळी नाही. या संकोचाला इतिहास आहे, आणि तो मराठी कादंबरीच्या पहिल्या तीन-चार दशकांत स्पष्ट दिसतो.

1857 साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडवणे हा तिचा जाहीर हेतू. कथानक त्या हेतूच्या दिमतीला. त्यानंतर चारच वर्षांनी, 1861 मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, आणि पुढे त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, रूपवती नायिका, कपटी खलपुरुष, वियोग आणि अखेरीस मीलन, असे हे जग. आपल्या वाङ्मयेतिहासांनी 'अद्भुतरम्य' हा शिक्का मारून या कादंबऱ्यांची एका परिच्छेदात बोळवण केली, आणि विद्यार्थी 'वास्तवाशी फारकत' एवढे एकच वैगुण्य पाठ करत आले. पण त्या वाचकाच्या बाजूने कोणी पाहिले? पोथी वाचली तर पुण्य, क्रमिक पुस्तक वाचले तर परीक्षा. ज्यातून यांपैकी काहीच पदरात पडत नाही असे छापील पुस्तक हातात घेऊन, पुढे काय झाले एवढ्याच ओढीने पाने उलटणे, हा तेव्हा मराठी मनाला नवा अनुभव होता.

याच काळातले कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे भाषांतर या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संस्कृतचे गाढे पंडित आणि शिक्षणखात्यातले अधिकारी असलेल्या शास्त्रीबुवांनी 'अरेबियन नाइट्स' मराठीत आणायला घेतले आणि त्याचे नाव ठेवले 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. या नावात बोध नाही, नीती नाही, उपयुक्तता नाही. सुरस आणि चमत्कारिक, एवढी दोन विशेषणे वाचकाला पुरेशी वाटतील असा विश्वास आहे. विद्वत्ता आणि करमणूक यांचे वैर असते, ही समजूत निदान या एका पंडिताला मान्य नव्हती.

1890 मध्ये हरि नारायण आपट्यांनी साप्ताहिक सुरू केले आणि त्याला 'करमणूक' हेच नाव दिले. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या वादांनी तापलेल्या पुण्यात असे नाव धारण करणे धाडसाचेच होते. याच साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमू. पदमनजींची यमुना आणि आपट्यांची यमू यांच्यात सुमारे तेहतीस वर्षांचे अंतर आहे. विषय पुष्कळसा तोच: बालविवाह, वैधव्य, केशवपन. फरक असा, की यमू आपली कहाणी स्वतः सांगते. माहेरच्या गमती, सासरचा जाच, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस यांत वाचक रमतो, आणि रमला म्हणूनच पुढचा आघात त्याला सोसवत नाही. सुधारणेचा जो परिणाम उपदेशाने साधला नाही, तो करमणुकीच्या वाटेने साधला.

स्त्रियांच्या बाबतीत तर वाचन हीच मोठी जोखीम होती. आपट्यांशी वाङ्मयीन स्नेह असलेल्या काशीबाई कानिटकर (1861-1948) लग्नानंतर पतीच्या इच्छेने, पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून वाचायला शिकल्या आणि पुढे 'रंगराव' लिहून कादंबरीकार झाल्या. बाईने पोथी वाचणे एक वेळ खपत असे. तिने आपल्या मनासारखे पुस्तक घेऊन बसणे म्हणजे घरकामापासून, वडीलधाऱ्यांच्या नजरेपासून काही काळ सुटणे. करमणुकीच्या वाचनाला होणारा विरोध पुस्तकातल्या मजकुरापेक्षा या सुटकेला अधिक होता, असे मला वाटते.

आता आमच्या वर्गाकडे वळू. आम्ही 'कादंबरीतील सामाजिक आशय स्पष्ट करा' असा प्रश्न घालतो. 'कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेववेना?' असे कधी विचारत नाही. आशय शिकवता येतो, गुण देता येतात, आणि रमण्याला गुण कसे द्यायचे हे आम्हांला ठाऊक नाही. परिणामी विद्यार्थी कादंबरीवरची टिपणे वाचतो, कादंबरी वाचत नाही. एम. ए. झाल्यावर, कसलीही परीक्षा समोर नसताना, मी यमूची कहाणी पुन्हा हाती घेतली. तिचे विनोद तेव्हा प्रथमच ऐकू आले. अभ्यासाच्या वाचनात ते सगळे 'पूर्वार्धातील कौटुंबिक चित्रण' या एका मुद्द्यात दबून गेले होते.

समीक्षा हवीच, तिच्यावाचून आनंदाला डोळे येत नाहीत. परंतु ज्या वाचकाला पुस्तकाने एकदाही जागवले नाही, त्याने समीक्षा करावी तरी कशाची? आपट्यांनी साप्ताहिकाच्या माथ्यावर जो शब्द निःसंकोचपणे छापला, तो मराठीच्या वर्गात उच्चारायला आपण अजून का कचरावे?