‘तिकडे ठेव’ नको, ‘डब्याच्या मागे ठेव’ म्हणा: लहान मुलांची अवकाशीय कौशल्ये खेळातून कशी वाढतात?

रोहा तालुक्यातल्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात काम करणाऱ्या फिटरला कागदावरचं ड्रॉइंग बघून पाइप कुठे वळेल, कशाच्या मागून जाईल, हे डोळ्यांसमोर आणावं लागतं. या क्षमतेची पायाभरणी आयटीआयच्या कितीतरी आधी, दोन-तीन वर्षांच्या वयात घरातल्या खेळातच सुरू होते.

अवकाशीय कौशल्य म्हणजे काय?
वस्तूंचा आकार, दिशा आणि अंतर ओळखणं, तसंच एखादी वस्तू फिरवली तर कशी दिसेल हे मनात पाहता येणं. भूमिती, नकाशावाचन, शिवणकाम, सुतारकाम या सगळ्यांत ते लागतं.

ते जन्मजात असतं का?
‘याचं डोकंच चालत नाही’ असं म्हणण्याची घाई करू नये. 2013 मध्ये 217 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. ही कौशल्ये सरावाने सुधारतात, असं त्यात दिसलं. शिकागो विद्यापीठाच्या 2012 मधल्या अभ्यासात 53 मुलांचं घरी खेळताना निरीक्षण केलं होतं. दोन ते चार वर्षांच्या वयात पझल खेळलेली मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवण्याच्या चाचणीत सरस ठरली.

घरी काय करता येईल?
- डबे आणि झाकणं: कोणतं झाकण कोणत्या डब्याचं, हे मुलाला शोधू द्या. लहान डबा मोठ्यात बसवू द्या.
- घड्या: रुमालाची घडी घालताना चौकोनाचा त्रिकोण कसा होतो, ते दाखवा.
- दिवाळीतला किल्ला: अवचितगड आणि घोसाळगड रोहा तालुक्यातलेच. मातीचा किल्ला करताना दरवाजा कुठे, पायऱ्या कुठून, हे मुलांना ठरवू द्या.
- रस्ता: अंगणवाडीतून परतताना ‘आता कुठे वळायचं?’ असं विचारा.

शब्द का महत्त्वाचे?
‘तिकडे ठेव’ म्हणताना आपण बोट दाखवतो आणि मूल बोटाकडे बघतं. ‘टेबलाखाली, डब्याच्या मागे ठेव’ म्हटलं की त्याला जागेचा विचार करावा लागतो. वर, खाली, आत, अलीकडे, पलीकडे, तिरपं, कोपरा हे शब्द रोजच्या बोलण्यात येऊ द्या.

महागडी खेळणी हवीतच का?
नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी इथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बिया-खडे देऊ नका, घशात अडकू शकतात.

आणि झाकण बसत नसेल, तर लगेच हातातून घेऊ नका. मूल ते फिरवून बघतं, तेव्हाच शिकत असतं.