विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या कॉम्प्युटरवर ‘एक्सएफसीई’ डेस्कटॉप कसा सुरू करायचा?

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. अशा कारखान्यात कॉम्प्युटरचे काम मोजकेच असते. ऑर्डरची यादी, बिले, मूर्तींचे फोटो आणि व्हॉट्सअॅप वेब. एवढ्यासाठी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र सहज पुरते. अडचण आली ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून सुरक्षा अपडेट मिळवण्याची मुदतवाढ दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे चालू स्थितीतला कॉम्प्युटर भंगारात काढायचा, नाहीतर असुरक्षित अवस्थेत बँकेचे व्यवहार करत राहायचे.

तिसरा मार्ग लिनक्सचा आहे. तो मोफत आहे, पण पडदा अनोळखी दिसतो आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय?

हमरापूर परिसरातून रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तीही बाहेरगावी जातात. एकाच साच्यातली मूर्ती दोन गावांत रंगवली, डोळ्यांची आखणी दोन हातांनी केली, तर दोन वेगळ्या मूर्ती वाटतात. लिनक्सचेही तसेच आहे. आतला गाभा तोच. त्यावर दिसणारा मेनू, खालची पट्टी, खिडक्या, फाइल उघडण्याची पद्धत हे सगळे ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ ठरवते. विंडोजमध्ये हा चेहरा कंपनी ठरवते. लिनक्समध्ये जीनोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एक्सएफसीई असे अनेक चेहरे आहेत आणि निवड वापरणाऱ्याची. योगायोग असा की केडीईची पहिली घोषणा झाली होती १४ ऑक्टोबर १९९६ रोजी.

एक्सएफसीईची सुरुवातही १९९६ चीच. ऑलिव्हिए फुर्दां या फ्रेंच प्रोग्रामरने ते लिहायला घेतले. हलके असावे, जुन्या यंत्रावरही चालावे, हा त्याचा बाणा आजवर टिकला आहे, ४.२० ही आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. दिसायला ते थोडे जुन्या वळणाचे आहे, आणि विंडोज ७ ची सवय असलेल्याला हेच सोयीचे पडते. त्याचे बोधचिन्ह उंदीर आहे. गणपतीच्या गावात त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा

एक्सएफसीई मिळवण्याचा सोपा रस्ता म्हणजे ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुखाने होते. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा हवा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्यायची आणि रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हमधले आधीचे सगळे पुसले जाते, हे विसरू नये. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९.

आता जो डेस्कटॉप उघडतो तो पेनड्राइव्हवरून चाललेला असतो. ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चिन्हावर डबल क्लिक करून पुढचे टप्पे पार केल्याशिवाय हार्ड डिस्कवर काही बसत नाही. त्यामुळे इथे चार दिवस खुशाल रमावे. वायफाय लागते का, आवाज येतो का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर छापतो का, हे याच टप्प्यावर कळते. काही जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरचे लिनक्सशी जमत नाही. बिल छापायचे असेल तर ही चाचणी आधी.

पहिल्या तासात काय शिकावे?

कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबली की मेनू उघडतो. लगेच टाइप करायला लागले की प्रोग्राम शोधला जातो. फाइल्ससाठी ‘थुनार’ आहे. त्यात सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह दिसणार नाहीत. स्वतःच्या सगळ्या फाइल्स ‘होम’ या फोल्डरात राहतात आणि विंडोजची डिस्क वेगळे चिन्ह म्हणून डाव्या बाजूला दिसते. ती उघडली पण तिच्यात काही साठवता येत नसेल, तर विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे लागते.

ऑल्ट कळ दाबून धरली की खिडकी कुठेही पकडून सरकवता येते. लहान पडद्यावर याचा फार उपयोग होतो. खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून तिच्यात हवे ते चिन्ह घालता येते. नवशिक्यांचा घोटाळा इथेच होतो, पट्टीच पुसली जाते. तसे झाले तर मोकळ्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून अॅप्लिकेशन्स, सेटिंग्ज, पॅनल या वाटेने ती परत आणता येते. यंत्र तरीही रेंगाळत असेल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन कंपोझिटर बंद करावा, सावल्या जातात, वेग येतो.

मूर्तिकारांच्या थेट कामाची एक गोष्ट थुनारमध्ये दडलेली आहे. मोबाइलमधून आलेल्या दोनशे फोटोंना लांबलचक आकडी नावे असतात. सगळे फोटो एकदम निवडून एफ२ दाबले की एक खिडकी उघडते आणि सर्वांना ओळीने ‘शाडू १ फूट ०१, ०२, ०३’ अशी नावे देता येतात. गिऱ्हाईक फोनवर नंबर सांगते आणि फोटो लगेच सापडतो. एवढ्या एका सोयीसाठी हा खटाटोप केला तरी वाया जाणार नाही.

मराठी कशी लिहायची?

सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट. ‘सिस्टिम डीफॉल्ट’ची खूण काढून भारतीय लेआउटमधून मराठी निवडायचे. इनस्क्रिप्ट येत असेल तर प्रश्नच मिटला. रोमन अक्षरे टाइप करून मराठी उमटवायची असेल तर ‘आयबस’ आणि त्याचे ‘एम१७एन’ हे पॅकेज बसवावे. जुनी पत्रे, लेबले मात्र त्रास देतात: श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो, त्यामुळे तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर अक्षरांची खिचडी दिसते. असा मजकूर विंडोज काढण्याआधीच युनिकोडमध्ये बदलून ठेवावा.

लिब्रेऑफिस मिंटसोबतच येते आणि एक्सेलच्या साध्या फाइल्स त्यात उघडतात. ते शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी व्हिडिओ मोफत आहेत.

काय चालणार नाही?

टॅली आणि कोरलड्रॉ हे प्रोग्राम लिनक्ससाठी बनवलेले नाहीत. ज्यांचा हिशेब टॅलीत आहे किंवा बॅनर कोरलमध्ये होतात, त्यांनी विंडोज पुसू नये. इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय निवडला की दोन्ही राहतात आणि चालू करताना कोणते हवे ते विचारले जाते. तत्पूर्वी सगळे फोटो, बिले, याद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवाव्यात. डिस्कला बिटलॉकर लावलेले असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी.

इन्स्टॉल झाल्यावर त्याच दिवशी ‘टाइमशिफ्ट’ सुरू करावे. ते सिस्टिमची स्थिती जपून ठेवते, एखादे अपडेट बिघडले तर मागे जाता येते. नेहमीच्या मांडणीत ते फोटो-याद्या जपत नाही, त्यांची प्रत वेगळी लागते.

आणि वेळ पाहून करावे. आषाढ-श्रावणात, कारखान्यात श्वास घ्यायला उसंत नसताना, ऑर्डरच्या कॉम्प्युटरला हात लावू नये. अनंत चतुर्दशी झाली, उधारीचे हिशेब मिटले, की दिवाळीच्या आसपास एखादा निवांत आठवडा मिळतो, तो यासाठी बरा.