दोन तारखांमधली गोलरक्षक

उर्दूत ‘तारीख’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, दिनांक आणि इतिहास. मराठीने पहिला घेतला, दुसरा सोडला. जपानची गोलरक्षक अयुमी कैहोरी हिच्याविषयी वाचताना मला हा शब्द सारखा आठवतो. लोकांनी तिची अख्खी कारकीर्द दोन तारखांत बसवून टाकली आहे.

पहिली तारीख 17 जुलै 2011. फ्रँकफर्टमध्ये महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर अमेरिका. चारच महिन्यांपूर्वी, 11 मार्चला, भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य जपान उद्ध्वस्त केला होता. दोनदा मागे पडूनही जपानने 2-2 अशी बरोबरी साधली आणि सामना पेनल्टींवर गेला. अमेरिकेची पहिली पेनल्टी शॅनन बॉक्सची. कैहोरी उजवीकडे झेपावली होती, तरी मागे राहिलेल्या पायाने तिने चेंडू अडवला. दुसरी कार्ली लॉइडने आडव्या खांबावरून बाहेर मारली. तिसरी टोबिन हीथची, तीही कैहोरीने अडवली. जपान 3-1 ने जिंकला. फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा आशियातला हा पहिला संघ, पुरुषांचे संघ धरूनही.

क्योतो प्रांतातल्या नागाओकाक्योची ही मुलगी हायस्कूलच्या वयापर्यंत गोलरक्षक नव्हतीच. ती मैदानात इतरांसारखी खेळायची. पायाने केलेल्या त्या बचावात मला ते जुने दिवस दिसतात. हा अर्थात माझा तर्क.

पुढचे सोपे नव्हते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानने रौप्य जिंकले, पण मुख्य गोलरक्षक मिहो फुकुमोतो होती. 2015 च्या विश्वचषकात प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी साखळीतल्या तीन सामन्यांत तीन वेगवेगळ्या गोलरक्षक उतरवल्या आणि बाद फेरीसाठी कैहोरीला निवडले. नेदरलँड्सविरुद्ध शेवटच्या क्षणी चेंडू तिच्या हातातून निसटून गोल झाला. जपान 2-1 ने जिंकला म्हणून ते निभावले.

दुसरी तारीख 5 जुलै 2015, व्हँकुव्हर. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा अमेरिका. सोळा मिनिटांत चार गोल. चौथा लॉइडने मध्यरेषेजवळून मारला. पुढे आलेली कैहोरी उलट्या पावलांनी धावताना अडखळली, चेंडूला तिची बोटे लागली आणि तो खांबाला लागून आत गेला. लॉइडची हॅट्‌ट्रिक. अमेरिकेचा पाचवा गोल हीथने केला. ज्या दोघी 2011 मध्ये चुकल्या, त्याच दोघी. जपान 2-5 ने हरला.

आज इंटरनेटवर कैहोरी म्हणजे तो चौथा गोल. हे मला अन्यायाचे वाटते. पहिले दोन गोल कॉर्नर आणि फ्री किकवरून सरपटत आलेल्या चेंडूंवर झाले. धावत आलेल्या लॉइडला दोन्ही वेळा कोणी अडवले नाही. तिसऱ्याच्या आधी बचावपटूने डोक्याने मारलेला चेंडू फसला. गोलरक्षकाच्या पुढे दहा जणी असतात, पण चित्रफितीत शेवटी तीच दिसते.

जानेवारी 2016 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तिने डोळ्यांच्या त्रासाविषयी सांगितले: तिला एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या. व्हँकुव्हरच्या गोलाला हे कारण परस्पर चिकटवू नये. पण गोलरक्षकाला दोन चेंडू दिसू लागले, तर तिने हात कोणत्या चेंडूकडे न्यायचा? तिने हातमोजे उतरवले आणि त्यानंतर केइओ विद्यापीठात शिकायला गेली.