बॉब ग्रॅहम राउंड : बेचाळीस शिखरे आणि वेळेचे विक्रम

इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट हा तळ्यांचा आणि डोंगरांचा प्रदेश आहे. तेथील केझिक गावात बाजारपेठेच्या मध्यावर मूट हॉल नावाची जुनी इमारत आहे. तिच्या दारातून निघायचे, सभोवतालची ठरलेली ४२ शिखरे पायी गाठायची आणि २४ तासांच्या आत पुन्हा त्याच दाराशी यायचे, याला 'बॉब ग्रॅहम राउंड' म्हणतात. अंतर सुमारे १०६ किलोमीटर भरते आणि सगळे चढ मिळून सुमारे ८,२०० मीटर होतात. उतारही तेवढाच असतो, आणि गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावरच होते.

मंडळातील काही तरुण सभासद सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रासारख्या डोंगरी शर्यतींविषयी बोलताना हे नाव घेतात. ज्येष्ठांना त्याचा संदर्भ लागत नाही, म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

हे डोंगर उंचीने फार मोठे नाहीत. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्कॉफेल पाइक ९७८ मीटर उंच आहे; आपले कळसूबाई १,६४६ मीटर. पण आतकरवाडीकडून सिंहगडाचा चढ सहाशे मीटरच्या आसपास धरला, तर एका दिवसात तो तेरा-चौदा वेळा चढून उतरावा इतके हे काम आहे. शिवाय येथे आखलेली वाट नाही. शिखरे ठरलेली आहेत, मधली वाट ज्याने त्याने शोधायची. कुठे गुडघाभर गवत, कुठे दलदल, कुठे पायाखालून सरकणारे दगड. स्कॉफेल पाइक आणि स्कॉफेल या दोन शेजारच्या शिखरांमध्ये ब्रॉड स्टँड नावाचा एक कातळटप्पा आहे. तो चढला तर वेळ वाचतो, पण त्यासाठी बरेच जण वर आधीच दोर लावून ठेवणारा माणूस बसवतात. ज्याला ते नको, तो खाली उतरून वळसा घालतो. धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि तेथे धुक्याला उन्हाळा-हिवाळा असा भेद नसतो.

बॉब ग्रॅहम हे केझिकजवळ अतिथीगृह चालवणारे गृहस्थ. १३ आणि १४ जून १९३२ रोजी त्यांनी ही फेरी २३ तास ३९ मिनिटांत पुरी केली. पायात टेनिसचे बूट, अंगात लांब चड्डी आणि पायजम्याच्या जोडीचा सदरा, असा त्यांचा वेष होता. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रॅहम यांनी मोडला तो वेगाचा विक्रम नव्हता. २४ तासांत जास्तीत जास्त किती शिखरे होतात, याची तेथे आधीपासून चुरस होती. १९०५ मध्ये केझिकचे डॉक्टर आर्थर वेकफील्ड यांनी त्या चुरशीत नाव केले होते. हेच वेकफील्ड पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होते. ग्रॅहम यांनी संख्या ४२ वर नेली. त्यानंतर २८ वर्षे कोणालाही ती फेरी जमली नाही. हॅरी ग्रिफिन या पत्रकाराने वर्तमानपत्रातून हा विषय पुन्हा पुढे आणला आणि १९६० मध्ये ॲलन हीटन यांनी २२ तास १८ मिनिटांत फेरी पुरी केली. तेव्हापासून ४२ हा आकडा कायम झाला आणि चुरशीला दोन फाटे फुटले. एक, हीच ४२ शिखरे सर्वांत कमी वेळात. दुसरा, २४ तासांत सर्वांत जास्त शिखरे.

दुसऱ्या फाट्याची हकीकत थोडक्यात सांगतो. वॉझडेल खोऱ्यातील मेंढपाळ जॉस नेलर यांनी १९७५ मध्ये ७२ शिखरे केली. १९९७ मध्ये मार्क हार्टेल यांनी ७७ आणि २०२० मध्ये किम कॉलिसन यांनी ७८. आकड्यांतील अंतर पाहिले तर नेलर किती पुढे जाऊन ठेपले होते ते कळते. २०२४ मध्ये ते वारले.

आता वेगाचा विक्रम. १९ जून १९८२ रोजी बॉरोडेल खोऱ्यातील बिली ब्लँड यांनी फेरी १३ तास ५३ मिनिटांत संपवली. ब्लँड दगडी बांधकाम करणारे, त्याच डोंगरांत जन्मलेले आणि वाढलेले. बॉरोडेलची डोंगरी शर्यत त्यांनी दहा वेळा जिंकली. बहुतेकांना २४ तासांत दार गाठताना जीव नकोसा होतो, तेथे या माणसाने दहा तास शिल्लक ठेवले होते. हा विक्रम ३६ वर्षे टिकला. त्या ३६ वर्षांत बूट हलके झाले, खाण्यापिण्याचे शास्त्र बदलले, हवामानाचा अंदाज खिशात आला. तरी आकडा हलला नाही. आमच्या मते याचे मुख्य कारण वाटांची ओळख. कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठाने उतरले की शंभर पावले वाचतात, हे ब्लँड यांना लहानपणापासून पाठ होते. ते विकत मिळत नाही.

मग ८ जुलै २०१८ रोजी स्पेनमधील कॅटलोनियाचे किलियन जॉर्नेट यांनी सकाळी सहाला मूट हॉल सोडला आणि संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी ते परत आले. म्हणजे १२ तास ५२ मिनिटे. माँ ब्लाँ, मॅटरहॉर्न अशा पर्वतांवर वेगाचे विक्रम केलेला हा जगप्रसिद्ध धावपटू. पण येथल्या वाटा त्याच्या नव्हत्या. त्या दाखवायला तिथलेच धावपटू टप्प्याटप्प्याने त्याच्याबरोबर धावले. पाणी आणि खाणे त्यांनीच वाहिले. आपल्या गावच्या माणसाचा विक्रम परक्याच्या हातून मोडला जावा म्हणून गावचीच माणसे राबत होती, आणि मूट हॉलपाशी त्याचे स्वागत करायला स्वतः बिली ब्लँड हजर होते. आम्हाला या साऱ्या हकीकतीत हे सर्वांत विशेष वाटते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे जॅक कुन्झली यांनी वेळ १२ तास २३ मिनिटांवर आणली.

स्त्रियांमध्ये जीन डॉस यांनी १९७७ मध्ये पहिली फेरी पुरी केली. निकी स्पिंक्स या शेतकरी बाईंची २०१५ मधील वेळ १८ तास ६ मिनिटे होती. दुसऱ्याच वर्षी पशुवैद्य जॅस्मिन पॅरिस यांनी ती १५ तास २४ मिनिटांवर आणली; एका उडीत अडीच तासांहून अधिक कपात. २०२० मध्ये बालरोगतज्ज्ञ बेथ पास्कल यांनी १४ तास ३४ मिनिटे नोंदवली. ब्लँड यांच्या वेळेपासून हे फक्त ४१ मिनिटे दूर आहे. स्पिंक्स यांनी मात्र वेगळाच मार्ग धरला. कर्करोगाच्या आजाराला दहा वर्षे झाली, त्या २०१६ साली त्यांनी ही फेरी लागोपाठ दोनदा, ४५ तास ३० मिनिटांत केली.

आता हे सारे खरे कशावरून? तेथे तिकीट नाही, पंच नाही, अंतिम रेषेची फीत नाही. १९७१ मध्ये फ्रेड रॉजरसन यांच्या पुढाकाराने बॉब ग्रॅहम क्लब निघाला आणि त्याने नियम साधा ठेवला : प्रत्येक शिखरावर धावपटूबरोबर साक्षीदार हवा आणि प्रत्येक शिखराची वेळ लिहिलेली हवी. एकट्याने केलेली फेरी क्लब नोंदवत नाही. नोकरीत असताना आम्ही रोज तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवल्या आहेत, त्यामुळे हा नियम वाचून बरे वाटले. त्यात संशय नसतो. एकट्याच्या शब्दावर कोणाला विसंबावे लागू नये, एवढीच सोय असते. हल्ली उपग्रहावरून जागा दाखवणारे छोटे यंत्र पाठीवर असते आणि घरबसल्या लोक नकाशावरचा ठिपका पुढे सरकताना पाहतात. तरीही साक्षीदाराचा नियम राहिलाच आहे.

यावरून एक वाद निघतो. सोबत्यांनी वाट दाखवली, ओझे वाहिले, दोर लावला, तर विक्रम एकट्याचा कसा? वेगाच्या विक्रमांची नोंद ठेवणारे आता मदतीसह आणि मदतीविना अशा वेगळ्या वर्गवाऱ्या करतात, आणि ते योग्य आहे. वर दिलेल्या ब्लँड आणि जॉर्नेट यांच्या वेळा सोबत्यांच्या मदतीने झालेल्या आहेत, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे. मदतीविना केलेल्या फेरीची वेळ त्यांच्याशेजारी ठेवू नये.

क्लबच्या यादीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत. सभासदत्वासाठी वेगाचा काही उपयोग नाही. १२ तास २३ मिनिटे लागोत की २३ तास ५९ मिनिटे, सभासदत्व एकच. २४ तासांवर मिनिट गेले, तर मात्र नाव लागत नाही.