जखमी हाताची मागणी

अपघात झाला की 'कामगारच बेफिकीर' हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो. मालाच्या घाईपायी मुकादमाने यंत्राची जाळी काढविली, हे कोणी बोलत नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने यंत्रांभोवती कुंपण घालावयास सांगितले. हात गेलेल्याच्या पोटाची सोय त्यात नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईस सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. ५,५०० सह्यांच्या अर्जात रविवारच्या सुटीबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचा पंगू झाल्यास निर्वाहाची तजवीज मागितली होती. बेफिकीर माणसे असा अर्ज करतात काय? रविवार १८९० साली मिळाला. भरपाईचा कायदा १९२३ साली झाला, आणि अमलात यायला १ जुलै १९२४ उजाडला.