छातीतील छाया आणि नागपूरची वाट

छातीचा पिंजरा म्हणजे शरीरातील एक बंद कोठा होय. पोटातील गाठ वैद्याला हाताने चाचपता येते. फासळ्यांआड वाढणारी गाठ बोटांना सापडत नाही. जर्मनीतील व्युर्त्सबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि हा कोठा न उघडता आत डोकावण्याची सोय झाली.

परंतु क्ष-किरणांनी दिसते ती छाया. अस्थी, हृदय, रक्तवाहिन्या आणि गाठ यांच्या सावल्या एकीवर एक पडतात. हृदयामागील गाठ समोरून घेतलेल्या चित्रात सहज लपते. म्हणून बाजूनेही चित्र घेण्याची पद्धत रूढ झाली. त्यावरून गाठीचे स्थान कळते आणि स्थानावरून तिच्या जातीचा अंदाज बांधता येतो. दोन फुप्फुसांमधील जागेत पुढे बहुधा थायमस ग्रंथीच्या, तर कण्यालगत बहुधा मज्जातंतूंच्या गाठी आढळतात.

सावल्यांची ही गुंतागुंत सोडविली ती हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्याने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. पुढे काही वर्षांतच, संत्रे आडवे कापून चकत्या पाहाव्यात त्याप्रमाणे, छातीचे एकेक पातळ काप पाहता येऊ लागले.

संत्र्यांच्या मुलखातील, पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाची मोठ्या दुखण्यातील वाट नागपूरची. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले, तेव्हा छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्ये राज्याची सीमा आली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. रुग्णाची वाट मात्र तीच राहिली.

या वाटेवर सर्वांत घातक ठरतो तो विलंब. क्षय आणि कर्करोग यांच्या छाया पुष्कळदा सारख्याच दिसतात. आपल्या देशात प्रथम क्षयाची शंका येणे स्वाभाविक आहे. पण थुंकीत जंतू न सापडता केवळ छायेवरून औषध सुरू झाले आणि छाया हटली नाही, तर महिने निघून जातात व गाठ वाढत राहते. अशा वेळी सीटी स्कॅन करून, त्याच्या आधारे सुईने गाठीचा अंश काढून तपासावा लागतो. चित्र गाठीचा ठावठिकाणा सांगते. तिचे नाव सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

म्हणून जुनी चित्रे कोणी टाकून देऊ नयेत. नागपूरला जाताना ती बरोबर न्यावीत. गतवर्षीचे चित्र नव्याशेजारी ठेवले, म्हणजे छाया वाढली की होती तेवढीच राहिली, हे डॉक्टरांना ताबडतोब समजते.